वाचकांचे प्रश्न : होम थिएटरमधून येणारा ‘फट्’ आवाज

प्रश्न : आमच्याकडे ५.१ पद्धतीचा (पाच स्पीकर आणि खर्ज वाजवणारा एक सबवूफर असलेला) होम थिएटर संच आहे. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडलेला असून टीव्हीचा आवाज एचडीएमआय एआरसीच्या जोडणीतून रिसीव्हरकडे, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या मुख्य ॲम्प्लिफायरकडे जातो. गेल्या पावसाळ्यापासून स्पीकरमधून अधूनमधून ‘फट्’ असा आवाज येऊ लागला आहे. कधी तो खोलीत पूर्ण शांतता असताना येतो, कधी वाहिनी बदलताना येतो, तर कधी चित्रपट मोठ्या आवाजात चालू असताना फक्त मागच्या डाव्या स्पीकरमधून येतो. दुकानदाराने आधी एचडीएमआय केबल बदलायला लावली, मग स्पाइक गार्ड घ्यायला लावला; काहीही फरक पडला नाही. आता तो रिसीव्हरच बदलायला सांगत आहे. रिसीव्हर खरोखर बिघडला असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रिसीव्हर बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण ज्याला एक तक्रार म्हणत आहात त्या बहुधा तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या आपल्याच पत्रात वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत : शांततेत येणारा आवाज, वाहिनी बदलताना येणारा आवाज आणि एकाच स्पीकरमधून येणारा आवाज. या तिघांची कारणे एकमेकांशी संबंधित असण्याची शक्यता कमी आहे. त्यामुळेच एकेक वस्तू बदलूनही आपल्याला गुण आला नाही. एक दोष गेला असता तरी उरलेले दोन ऐकू येतच राहिले असते.

पहिले काम खर्चाचे नाही. रिसीव्हरजवळ एक वही ठेवावी आणि आवाज आला की लगेच चार गोष्टी लिहाव्यात : किती वाजले, कोणत्या स्पीकरमधून आवाज आला, त्या क्षणी पडद्यावर काय घडले आणि घरात कोणते उपकरण चालू किंवा बंद झाले. आठवडाभराच्या नोंदी समोर आल्या की कारणाचा माग बहुतेक वेळा लागतो. ‘आवाज कसा येतो’ यापेक्षा ‘आवाज केव्हा येतो’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे, कारण निरनिराळ्या कारणांमुळे येणारा ‘फट्’ कानाला जवळजवळ सारखाच लागतो.

आता शांततेत येणाऱ्या आवाजाकडे वळू. संच चालू ठेवून त्यावर काहीही वाजवू नये आणि व्हॉल्यूम शून्यावर आणून वाट पाहावी. त्याही स्थितीत आवाज तितक्याच जोराने आला, तर तो व्हॉल्यूमच्या नियंत्रणानंतर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात, वीजपुरवठ्यातून किंवा स्पीकरच्या तारांमधून आत शिरत आहे. व्हॉल्यूमबरोबर तो लहानमोठा होत असेल, तर तो त्याआधीच्या भागातून येतो. अशा वेळी रिसीव्हर बंद करून सगळ्या इनपुट केबल काढून ठेवाव्यात आणि मग एकेक लावत जावे. जी केबल लावल्यावर आवाज परततो, त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या उपकरणाकडे लक्ष द्यावे.

व्हॉल्यूम शून्यावर असूनही आवाज येत असेल, तर माझा पहिला संशय फ्रिजवर, दुसरा स्टॅबिलायझरवर आणि तिसरा इमारतीच्या पाण्याच्या पंपावर असेल. जुन्या पद्धतीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटच्या संपर्कबिंदूंमधून चालू-बंद होतो. मोटरच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तुटला की ते वेटोळे विरुद्ध दिशेने मोठा व्होल्टेज निर्माण करते आणि उघडणाऱ्या संपर्कबिंदूंमध्ये क्षणभर ठिणगी पडते. ही ठिणगी म्हणजे एक लहानसा रेडिओ प्रक्षेपकच असतो. तिचा उपद्रव घराच्या वायरिंगमधून पसरतो आणि हवेतूनही पसरतो. मागच्या स्पीकरपर्यंत गेलेली लांब तार किंवा सबवूफरची साधी आरसीए केबल अँटेनासारखे काम करून तो पकडते. म्हणूनच असा आवाज मोटर सुरू होताना येतो, तसाच ती थांबतानाही येतो, आणि पुष्कळदा थांबतानाच जास्त येतो. स्टॅबिलायझरची गोष्ट थोडी वेगळी आहे. व्होल्टेज खालीवर झाले की त्यातील रिले ‘टक्’ करून ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलते. पावसाळ्यात पुरवठा अस्थिर असताना हे वारंवार घडते आणि प्रत्येक बदलाचा धक्का त्या वायरिंगवरील इतर उपकरणांनाही लागतो. टीव्ही किंवा फ्रिजचा स्टॅबिलायझर रिसीव्हरच्याच बोर्डावर असेल, तर तो सर्वांत आधी दुसरीकडे हलवावा.

उगम शोधण्यासाठी बॅटरीवर चालणारा आणि मीडियम वेव्ह लागणारा रेडिओ फार उपयोगी पडतो. कोणतेही केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवून आवाज वाढवावा आणि रेडिओ स्वयंपाकघरात फ्रिजजवळ ठेवावा. बाहेरच्या खोलीत स्पीकरमधून ‘फट्’ आले, त्याच क्षणी रेडिओतही ‘कट्’ असे ऐकू आले, तर रिसीव्हर निर्दोष आहे असे खुशाल समजावे. रेडिओ घेऊन खोल्यांतून फिरत गेले तर ज्या उपकरणाजवळ हा ‘कट्’ सर्वांत मोठा ऐकू येतो, ते उपकरणही सापडते.

उपाय करताना स्वस्तातून महागाकडे जावे. रिसीव्हर ज्या सर्किटवर आहे, त्याच एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) फ्रिज किंवा पंप आहे का ते पाहावे आणि असल्यास रिसीव्हरला दुसऱ्या सर्किटवरून वीज द्यावी. स्पीकरच्या तारा विजेच्या वायरला समांतर जात असतील तर त्यांच्यात अंतर ठेवावे. ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. फेराइटचे (उपद्रव शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) कडे बसवायचे असल्यास केबल त्यातून नुसती ओवू नये, शक्य तितके वेढे द्यावेत, कारण परिणाम ढोबळमानाने वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एवढ्याने भागले नाही, तर त्रास देणाऱ्या मोटरच्या स्विचच्या दोन टोकांमध्ये स्नबर, म्हणजे ठिणगी शमवणारा जोड, बसवता येतो. त्यात साधारणपणे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले असतात. कपॅसिटरवर ‘एक्स२’ ही थेट मेन्सवर वापरण्याजोगा असल्याची खूण असलीच पाहिजे आणि हे काम परवानाधारक वायरमननेच केले पाहिजे, कारण तो भाग थेट २३० व्होल्टला जोडलेला असतो. हा उपाय एलईडी दिव्याच्या स्विचवर मात्र करू नये. स्विच बंद असतानाही स्नबरमधून किंचित प्रवाह जात राहतो आणि दिवा मंद मिणमिणत राहतो.

स्पाइक गार्डने फरक का पडला नाही, याचेही उत्तर इथेच आहे. सर्वसाधारण स्पाइक गार्डमध्ये व्हॅरिस्टर नावाचा घटक असतो आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच तो वाहू लागतो. विजेचा मोठा झटका अडवणे हे त्याचे काम असून ते तो करतो. फ्रिजच्या ठिणगीमुळे येणारा लहानसा उच्च वारंवारतेचा उपद्रव त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो, त्यामुळे तो तसाच पुढे जातो. त्यासाठी गुंडाळी आणि कपॅसिटर असलेला मेन्स फिल्टर लागतो. काही महागड्या बोर्डांमध्ये तो असतो. खरेदी करताना तसा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे.

वाहिनी बदलताना येणारा आवाज विजेचा नाही, तो डिजिटल संकेताचा आहे. काही एचडी वाहिन्यांचा आवाज डॉल्बी स्वरूपात येतो, तर इतर वाहिन्यांचा साधा स्टीरिओ असतो. डॉल्बी डिजिटलमध्ये आवाज १५३६ नमुन्यांच्या चौकटींमध्ये बांधून पाठवला जातो. ४८ किलोहर्ट्झला अशी एक चौकट ३२ मिलिसेकंदांची होते. वाहिनी बदलली की चौकट मध्येच तुटते आणि पुढे येणारा संकेत निराळ्या स्वरूपाचा असतो. रिसीव्हरने हे ओळखून तेवढा वेळ स्पीकर गप्प ठेवायला हवेत. त्याला क्षणभर उशीर झाला, तर संकेतबद्ध डेटाच साधा आवाज समजून वाजवला जातो आणि आपल्याला ‘फट्’ ऐकू येते. हा दोष असलाच तर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि रिसीव्हर यांच्यातील ताळमेळाचा आहे, सुटे भाग बिघडल्याचा नाही.

खात्री करण्यासाठी टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ असा पर्याय शोधावा. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ असेल, तर दोन दिवस ते ‘पीसीएम’वर, म्हणजे संकेतबद्ध न केलेल्या साध्या डिजिटल आवाजावर ठेवावे. आता रिसीव्हरकडे नेहमी एकाच स्वरूपाचा संकेत जाईल आणि निदान बरोबर असेल तर वाहिनी बदलतानाचा आवाज बंद होईल. मात्र हे निदानापुरतेच ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. साध्या एआरसीमधून पीसीएम आवाज दोनच चॅनेलचा जातो, त्यामुळे चित्रपटाचा खरा ५.१ आवाज आपण गमावून बसाल आणि मग संच घेण्याचा हेतूच उरणार नाही. कायमचा उपाय म्हणजे सेट-टॉप बॉक्स टीव्हीऐवजी थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडणे आणि टीव्ही व रिसीव्हर या दोन्हींचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे. मधला एक दुवा कमी झाला की बरेचदा तक्रारही संपते. एचडीएमआय केबलवर संशय केव्हा घ्यावा, हेही सांगून ठेवतो. आवाजाबरोबर चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील किंवा पडदा क्षणभर काळा होत असेल, तर केबल बदलावी. आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही.

मागचा डावा स्पीकर उरला. रिसीव्हर पूर्ण बंद करून प्लग काढावा आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूला मागच्या डाव्या व उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. मग तोच प्रसंग त्याच व्हॉल्यूमवर पुन्हा लावावा. आवाज डाव्या स्पीकरमधूनच येत राहिला, तर दोष त्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. तो उजव्या स्पीकरमधून येऊ लागला, तर रिसीव्हरचे ते चॅनेल संशयित ठरते. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि रिसीव्हर बदलण्याचा सल्ला देण्याआधी दुकानदाराने ती करायला हवी होती.

पावसाळ्यापासूनची तक्रार आणि लांबचा स्पीकर हे दोन्ही लक्षात घेता मला तारेचीच शक्यता अधिक वाटते. टर्मिनलमधून तार बाहेर काढून उजेडात नीट पाहावी. तांब्यावर काळपट किंवा हिरवट थर आला असेल, तर तेवढा तुकडा कापून टाकावा. साधारण १० मिलिमीटर प्लास्टिक सोलून तांब्याच्या बारीक तारा घट्ट पिळाव्यात आणि टर्मिनलमध्ये पूर्ण आत सरकवून स्क्रू आवळावा. एखादे कुसळ बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकले, तर मोठ्या आवाजात कंप पावताना ते मध्येच स्पर्श करते आणि ‘फट्’ होते. त्याने रिसीव्हरलाही धोका पोहोचतो. त्यानंतर तार हाताने चाचपत स्पीकरपर्यंत जावे. सोफ्याच्या पायाखाली ती चेपली आहे का आणि लांबी कमी पडली म्हणून मध्ये कुठे दोन तारा पिळून वर टेप गुंडाळलेली आहे का, हे पाहावे. असा जोड पावसाळ्यातील दमट हवेत हमखास गंजतो. जोड टाळून १.५ चौरस मिलिमीटरची अखंड तार टाकावी. घरगुती अंतरासाठी ती पुरेशी आहे.

तार निर्दोष निघाली, तर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये मागचे स्पीकर ‘लार्ज’ नोंदवलेले आहेत का ते तपासावे. लहान स्पीकरला खोल खर्ज पाठवला की त्याचा पडदा आपल्या हालचालीची सीमा गाठून आपटतो आणि ‘टॉक्’ असा कोरडा आवाज येतो. स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (स्पीकर आणि सबवूफर यांच्यातील कामाच्या वाटणीची सीमा) ८० हर्ट्झवर ठेवावा म्हणजे त्याखालचा भार सबवूफरकडे जाईल.

एवढे सगळे करूनही व्हॉल्यूम शून्यावर असताना एकाच चॅनेलमधून, कोणत्याही वेळी आणि विशेषतः संच अर्धाएक तास तापल्यावर फटफट येत असेल, तर मात्र रिसीव्हर दुरुस्तीला द्यावा. ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग), निकामी होत चाललेला कपॅसिटर किंवा स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे काळवंडलेले संपर्कबिंदू ही तिथली नेहमीची कारणे असून ती दुरुस्त होण्यासारखी असतात. तंत्रज्ञाला स्पीकरच्या टर्मिनलवरील डीसी व्होल्टेज मोजायला सांगावे. काहीही वाजत नसताना ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. रिसीव्हर स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो.

प्रश्न : आमच्या सबवूफरमधून सतत घुमल्यासारखा आवाज येतो आणि सेट-टॉप बॉक्सच्या केबलला हात लागला की ‘फट्’ असे मोठ्याने वाजते. ओळखीच्या एका माणसाने सबवूफरच्या तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकायला सांगितले. तसे करून पाहिल्यावर आवाज खरोखर थांबला. हे असेच ठेवले तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही, मुळीच चालणार नाही. कृपया हे उत्तर वाचून झाल्यावर आधी तो प्लग काढावा आणि पिन पूर्ववत बसवल्याशिवाय सबवूफर वापरू नये. ती जाड पिन अर्थिंगची आहे. आत कधी फेजची वायर धातूच्या भागाला टेकली, तर प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) पुरवठा तोडते. पिन नसेल तर तो धातूचा भाग २३० व्होल्टवर तसाच जिवंत राहतो आणि आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून तेच व्होल्टेज रिसीव्हरपर्यंत आणि टीव्हीपर्यंत पोहोचते. कोकणातल्या ओलसर फरशीवर अनवाणी उभे राहून त्याला हात लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आवाज थांबला हे उपाय बरोबर असल्याचे लक्षण मानू नये. त्यातून फक्त आजाराचे नाव कळले, ते म्हणजे अर्थ-लूप.

तो कसा होतो, ते सांगतो. सबवूफर आपल्या घरच्या अर्थिंगला जोडलेला आहे. सेट-टॉप बॉक्सच्या केबलची बाहेरची जाळी केबलचालकाच्या यंत्रणेत दुसऱ्याच ठिकाणी अर्थ झालेली आहे. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडाफार व्होल्टेजचा फरक असतोच. आपल्या केबलींमधून या दोन टोकांना जोडणारा रस्ता तयार झाला की त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि सबवूफर तो इमानेइतबारे ऐकवतो. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल फिरवून काढावी. घुमणे त्याच क्षणी थांबले तर निदान पक्के झाले. कनेक्टर सैल असेल किंवा खाऱ्या हवेने गंजला असेल, तर हात लागल्यावर तो रस्ता तुटतो आणि जुळतो. आपल्याला ऐकू येणारे ‘फट्’ तेच असावे, त्यामुळे कनेक्टर नवा बसवून घ्यावा.

आपल्याकडे स्थानिक केबल असेल, तर तिच्यावर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा छोटा जोड बसवावा. तो टीव्हीचा संकेत जाऊ देतो, पण जाळीतून येणारा ५० हर्ट्झचा प्रवाह अडवतो. छतावरची डिश असेल तर मात्र हा जोड लावू नये. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला (उपग्रहाचा संकेत पकडणाऱ्या भागाला) लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज त्याच केबलमधून वर जाते आणि असा आयसोलेटर तीही अडवतो, म्हणजे चित्रच बंद होते. अशा वेळी सेट-टॉप बॉक्सचा आवाज ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला द्यावा. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे त्या जोडणीतून लूप होऊच शकत नाही. मात्र त्याच बॉक्सची एचडीएमआय केबल टीव्हीला आणि टीव्हीची रिसीव्हरला जोडलेली असेल, तर लूप त्या वाटेने शिल्लक राहतो. म्हणून टीव्ही ते रिसीव्हर ही जोडणीही आवाजापुरती ऑप्टिकलच ठेवावी.

यानिमित्ताने घरच्या अर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावी. विजांचा कडकडाट सुरू होण्याआधी प्लग तर काढावाच, पण डिशची किंवा केबलची वायरही सोडवून ठेवावी, कारण पुष्कळ संच त्याच वाटेने आलेल्या झटक्याने जळतात.

प्रश्न : रात्री बोर्डाचे बटण बंद केले की सबवूफरमधून ‘धप्प’ असा मोठा आवाज येतो. दिवसा चित्रपटातील शांत प्रसंगानंतरही कधी कधी तसाच लहान आवाज येतो. याने स्पीकर खराब होईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : एकदोनदा असे झाल्याने काही बिघडत नाही, पण रोजची सवय चांगली नाही. आपण एकाच बटणाने सगळी वीज तोडता तेव्हा रिसीव्हर आणि सबवूफर यांचे अंतर्गत पुरवठे निरनिराळ्या वेगाने उतरतात. रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटवर त्या क्षणी होणारी उलथापालथ अजून जागा असलेला सबवूफर मोठी करून ऐकवतो. आधी सबवूफर बंद करावा, मग रिमोटने रिसीव्हर स्टँडबायवर न्यावा, त्याच्या रिलेचा ‘टक्’ ऐकू आला की शेवटी बोर्डाचे बटण बंद करावे. चालू करताना क्रम उलटा ठेवावा, म्हणजे सबवूफर शेवटी येईल. रिसीव्हर चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून येणारा ‘टक्’ हा दोष नाही; आतील व्होल्टेज स्थिर झाल्यानंतरच स्पीकर जोडण्यासाठी ती रिले मुद्दाम उशिरा लागते.

शांत प्रसंगानंतरचा आवाज सबवूफरच्या स्वयंचलित स्टँडबायचा आहे. काही काळ संकेत आला नाही की तो झोपी जातो आणि खर्ज आला की जागा होताना ‘धप्प’ करतो. त्याच्या मागच्या बाजूला ‘ऑटो’ आणि ‘ऑन’ असे बटण असते. चित्रपट पाहताना ते ‘ऑन’वर ठेवावे. तसे बटण नसेल, तर रिसीव्हरच्या सेटिंगमधून सबवूफरची पातळी थोडी वाढवून सबवूफरवरचा व्हॉल्यूम तितकाच कमी करावा. एकूण खर्ज तेवढाच राहतो, पण सबवूफरपर्यंत पोहोचणारा संकेत मोठा असल्यामुळे तो मध्येच झोपत नाही.